भावंडांचे संगीतशिक्षण : एकत्र रियाज, वेगळी वाट

दर जून महिन्यात आमच्या वसतिगृहात जी नवी मुले दाखल होतात, त्यांत सख्ख्या भावंडांच्या जोड्या हमखास असतात. प्रवेशअर्ज भरताना पालक दोन्ही मुलांची ओळख एकाच वाक्यात करून देतात. "सर, मोठा हुशार आहे, धाकटीचं जरा बघा." कधी हेच वाक्य उलट असते. पालकांच्या मनात त्यात काही वाईट नसते. पहाटेची लोकल गाठण्यासाठी अंधारात घर सोडणाऱ्या आईवडिलांना दोन मुलांविषयी सविस्तर बोलण्याची उसंत नसते, म्हणून ते थोडक्यात सांगतात. मात्र ते वाक्य मुले ऐकत असतात. एकाचा मोठेपणा आणि दुसऱ्याचे उणेपण त्याच क्षणी ठरून जाते, आणि पुढे कित्येक वर्षे ती दोघे त्या वाक्याप्रमाणे वागत राहतात.

संगीत विभागात काम करणाऱ्या आम्हा शिक्षकांना या प्रश्नाचा विचार करणे भाग पडले, त्याला कारण आमचीच एक चूक. स्मरणिकेत सहसा यशाच्या नोंदी असतात. तरीही ज्या चुकीने आम्हाला शिकवले, ती येथे नोंदवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

एका चुकीची नोंद

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक भाऊ आणि त्याच्याहून तीन वर्षांनी लहान बहीण शिकत होती. बहिणीचा गळा गोड होता. प्रार्थनेला, पाहुण्यांच्या स्वागताला, स्नेहसंमेलनाला आम्ही तिलाच पुढे उभे करू लागलो. भावाचे त्या वेळी तेरावे वर्ष चालू होते आणि त्याचा आवाज फुटू लागला होता. सूर लावताना तो मध्येच चिरकत असे, आणि मुले हसत. अशा वेळी त्याला धीर देण्याऐवजी आमच्यापैकी एकाने सर्वांसमक्ष म्हटले, "बहिणीकडे बघ, ती कशी गाते!"

त्यानंतर तो संगीताच्या तासाला येईनासा झाला. कारण विचारले की अभ्यासाचे निमित्त सांगे. आम्हीही फारसा पाठपुरावा केला नाही, कारण गाणारी मुलगी तर आमच्याकडे होतीच.

पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाची तालीम सुरू झाली, तेव्हा त्या मुलीचा ताल ढळू लागला. पूर्वी तिचे असे कधी होत नसे. चौकशी केली तेव्हा कळले, की आजवर तिचा भाऊ मागच्या रांगेत बसून मांडीवर बोटांनी मात्रा मोजत असे आणि ती गाताना त्याच्या हाताकडे पाहत असे. समेवर कधी यायचे, हे ती त्याच्याकडून शिकत होती. आम्ही ज्याला गाणे न येणारा मुलगा समजत होतो, त्याला लय उत्तम कळत होती. ज्या एका मुलीला आम्ही पुढे आणले होते, तिचे गाणे खरोखर दोघांचे होते.

आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली आणि त्याला ढोलकीपाशी बसवले. पुढच्या वर्षी दोघांनी एकत्र कार्यक्रम केला, तो चांगलाही झाला. परंतु तो मुलगा शाळेत असेपर्यंत पुन्हा कधी तोंड उघडून गायला नाही. ती हानी आमच्या हातून झाली, आणि ती भरून काढणे आम्हाला जमले नाही.

आवाज फुटतो म्हणजे काय?

हा विषय पालकांनी नीट समजून घ्यावा. साधारणतः बाराव्या ते पंधराव्या वर्षाच्या सुमारास मुलाचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते. स्वरतंतू लांब आणि जाड होतात, त्यामुळे आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हा बदल एका रात्रीत पुरा होत नाही. काही महिने, क्वचित त्याहून अधिक काळ, गळा त्याच्या ताब्यात नसतो. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, पण तो थोड्याच स्वरांनी उतरतो, म्हणून तो बदल चटकन लक्षात येत नाही.

याचा अर्थ असा, की कालपर्यंत बहिणीबरोबर एकाच पट्टीत गाणारा भाऊ आज त्या पट्टीत गाऊच शकत नाही. मोठेपणी स्त्रिया साधारणपणे काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास गातात, तर पुरुष काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास. बदलाच्या काळात मुलाने वरच्या पट्टीत ओरडून गाण्याचा हट्ट धरला तर गळ्यावर ताण येतो. त्याने थोडा वेळ, हलक्या आवाजात, खालच्या पट्टीत गावे आणि उरलेला वेळ ताल, वादन व श्रवण यांना द्यावा. अशा वयात त्याची बहिणीशी तुलना करणे म्हणजे निसर्गाने चालवलेल्या कामाबद्दल मुलाला दोष देणे होय.

एका घरातील पाच भावंडे

भावंडांनी एकत्र शिकावे आणि तरीही प्रत्येकाने आपल्या वाटेने जावे, हे घडू शकते का? महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासात याचे एक उत्तम उदाहरण आहे. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांना पाच मुले होती. 1922 साली ताराबाई पतीपासून वेगळ्या झाल्या आणि पाचही मुलांना घेऊन स्वतंत्रपणे राहू लागल्या. ही मुले पुढे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर, कृष्णराव माने आणि सरस्वती राणे या नावांनी ओळखली गेली.

घरातील कर्ता गुरू दूर झाल्यावर शिक्षण थांबू शकले असते. ते थांबले नाही, कारण थोरल्या भावाने ते हाती घेतले. 1902 साली जन्मलेले सुरेशबाबू हे स्वतः श्रेष्ठ गायक होते, परंतु त्यांचा खरा विशेष शिकवण्यात होता. धाकट्या बहिणींना त्यांनी शिकवले, आणि घराबाहेरचे वसंतराव देशपांडे, प्रभा अत्रे यांच्यासारखे शिष्यही त्यांच्याकडे आले. 1905 साली जन्मलेल्या हिराबाईंचे सामर्थ्य मैफलीत होते. स्त्रियांनी सभ्य समाजासमोर बसून गाण्याची जाहीर मैफल करावी, ही गोष्ट ज्या काळी रूढ नव्हती, त्या काळी त्यांनी ती प्रतिष्ठेने केली. पुढे 1970 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. सर्वांत धाकट्या सरस्वतीबाई भाऊ आणि बहीण या दोघांकडेही शिकल्या. त्यांनी चित्रपटासाठी पार्श्वगायन केले, 1943 च्या 'रामराज्य' चित्रपटातील त्यांचे गाणे गाजले, आणि हिराबाईंबरोबर बसून त्यांनी जुगलबंदीही गायली. कमलाबाईंनीही गाणे आणि रंगभूमी ही दोन्ही क्षेत्रे जवळ केली.

या भावंडांनी मिळून नाटक मंडळीही काढली. ती फार काळ टिकली नाही आणि तिच्यामुळे कर्ज झाले. ते हिराबाईंनी मैफलींच्या कमाईतून फेडले. म्हणजे या घरातही सारे सुरळीत होते असे नाही. तरीही 1953 साली सुरेशबाबूंचे निधन झाल्यावर त्यांच्या शिष्या प्रभा अत्रे यांनी पुढील शिक्षण हिराबाईंकडे घेतले. भावाने अर्धवट सोडलेला पाठ बहिणीने पुढे चालवला. मुळात दोघांची विद्या एकच होती, म्हणून हे शक्य झाले. आणि दोघांची गायकी मात्र आपापली होती.

या उदाहरणातून आम्ही एक बोध घेतो. पाया एकत्र घालावा आणि इमारत ज्याची त्याला बांधू द्यावी. सुरेशबाबूंनी हिराबाईंना आपल्यासारखे गायला लावले असते, तर महाराष्ट्राला हिराबाई मिळाल्या नसत्या.

आणखी दोन घरे

मंगेशकर भावंडांची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातील एका बाजूकडे सहसा लक्ष जात नाही. 1942 साली मास्टर दीनानाथांचे निधन झाले, तेव्हा थोरल्या लताबाई अवघ्या बारा वर्षांच्या होत्या आणि घराचा भार त्यांच्यावर आला. त्या आणि आशाबाई पार्श्वगायिका म्हणून जगविख्यात झाल्या. परंतु मीनाताई खडीकर यांनी संगीतकार म्हणून काम केले आणि मराठी मुलांना अवीट गोडीची बालगीते दिली. विशेष असे, की त्यांतील कित्येक गीते त्यांनी आपल्या मुलाकडून आणि मुलीकडून, म्हणजे पुन्हा भावंडांकडूनच गाऊन घेतली. उषाताई गाण्याबरोबर चित्रकलेतही रमल्या. हृदयनाथांनी चाली बांधण्यात आपली वेगळी ओळख निर्माण केली. एका घरातील पाच मुलांना एकाच मापाने मोजले असते, तर यांपैकी किती जणांची गुणवत्ता बाहेर आली असती, हा विचार करण्यासारखा आहे.

दुसरे घर आपल्या अधिक जवळचे. प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज भक्तिगीतांत, कव्वालीत आणि भीमगीतांत महाराष्ट्राने ऐकला. त्यांचे पुत्र आनंद, मिलिंद आणि दिनकर हे तिघेही गायक झाले. पुढच्या पिढीत आदर्श शिंदे यांनी गायनात नाव मिळवले, तर त्यांचे बंधू उत्कर्ष यांनी वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्यावरही गाणे आणि संगीतरचना यांची साथ सोडली नाही. आपल्या वस्त्यांतील अनेक पालक विचारतात, "गाण्याच्या नादी लागून अभ्यास बुडणार नाही ना?" त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

आपल्या परंपरेतील गायन पार्टीची रचनाही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तिच्यात मुख्य गायक एक असतो. पण पेटीवाला, ढोलकीवाला, झांज वाजवणारा, कोरस धरणारे आणि दोन गाण्यांच्या मध्ये प्रबोधनाचे दोन शब्द बोलणारा निवेदक यांच्यावाचून पार्टी उभी राहत नाही. गीत लिहिणारा तर पुष्कळदा मंचावर दिसतही नाही. एका गाण्याला इतकी निरनिराळी माणसे लागतात, तर एका घरातील दोन मुलांना एकाच जागेसाठी झगडायला का लावावे?

धम्मातील आधार

रामजी सुभेदार आपल्या मुलांकडून घरी रोज अभंग आणि कबीराचे दोहे म्हणवून घेत, हे बाबासाहेबांच्या चरित्रांतून आपण वाचले आहे. भावंडांनी एकत्र बसून म्हणण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. आजही वंदनेच्या वेळी त्रिशरण आणि पंचशील आपण एका सुरात म्हणतो, तेव्हा कोणाचा आवाज गोड आणि कोणाचा जाड, याची निवड कोणी करीत नाही.

पाली वाङ्मयात भगवान बुद्धांनी आपल्या शिष्यांपैकी कोण कोणत्या गुणात अग्र आहे, हे सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. त्या यादीत तीन सख्खे भाऊ आहेत. सारिपुत्त हे प्रज्ञेत अग्र, त्यांचे बंधू रेवत हे अरण्यवासात अग्र आणि उपसेन हे सर्वांना प्रसन्न करणाऱ्यांत अग्र. सारिपुत्तांसारखा प्रज्ञावंत भाऊ असूनही रेवतांना 'तू प्रज्ञेत मागे आहेस' असे म्हटले गेले नाही. त्यांचा गुण त्यांच्या नावाने ओळखला गेला. शिक्षकाने आणि पालकाने याहून वेगळे काय करायचे असते?

रियाज किती करून घ्यावा, याचेही उत्तर तेथेच मिळते. अतिश्रमाने खचलेल्या सोण नावाच्या भिक्खूला बुद्धांनी वीणेच्या तारांचा दृष्टांत दिला. तार फार ताणली तर वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. सोण पूर्वी वीणा वाजवीत असल्यामुळे त्याला ते लगेच उमगले. आमच्या अनुभवात हीच गोष्ट भावंडांना लागू पडते. एका मुलाला चढणारी तार दुसऱ्याला तुटेपर्यंत ताणणारी असू शकते. दोन वीणा एकाच खुंटीने लावता येत नाहीत.

आम्ही आता काय करतो

निवासी शाळेत भाऊ आणि बहीण वेगवेगळ्या वसतिगृहांत राहतात, वेगवेगळ्या इयत्तांत बसतात. जेवणाच्या वेळी दुरून दिसतात, एवढाच त्यांचा सहवास. म्हणून आठवड्यातून एकदा आम्ही भावंडांसाठी संगीताची एकत्र तासिका ठेवली आहे. तिची पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

पहिली गोष्ट, एकच गाणे आणि तीन कामे. एकाने गायचे, एकाने हाताने ताल धरायचा, एकाने पेटीवर षड्ज धरून ठेवायचा. दोघेच असतील तर सूर धरण्याचे काम शिक्षक करतो. प्रत्येक आठवड्याला कामे बदलतात. काही महिन्यांत कोणाचा कल कुठे आहे, हे आपोआप कळते, आणि ज्याला जे जमत नाही त्याचीही त्याला ओळख होते.

दुसरी गोष्ट, तालाची सुरुवात हातापासून. सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा प्रथम टाळी व खाली दाखवून म्हणावा. दादऱ्यात पहिल्या मात्रेवर टाळी आणि चौथीवर खाली, केरव्यात पहिल्या मात्रेवर टाळी आणि पाचवीवर खाली. हे पक्के झाले, की सोळा मात्रांच्या त्रितालाकडे वळावे. त्यात पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी येते आणि नवव्या मात्रेवर खाली. याला वाद्य लागत नाही आणि गोड गळाही लागत नाही.

तिसरी गोष्ट, अलंकारांची देवाणघेवाण. एकाने 'सा रे ग' म्हणायचे, दुसऱ्याने 'रे ग म' म्हणून उत्तर द्यायचे. दोघांची पट्टी वेगळी असेल तर प्रत्येकाने आपल्या पट्टीत म्हणावे. ताल दोघांचा एक राहिला म्हणजे पुरे.

चौथी गोष्ट, धाकट्यानेही थोरल्याला शिकवावे. नवे गाणे एका आठवड्यात आम्ही थोरल्याला देतो, पुढच्या आठवड्यात धाकट्याला. ज्याला गाणे दिले, त्याने ते दुसऱ्याला शिकवायचे. नेहमी शिकवणारा अहंकारी होतो आणि नेहमी शिकणारा संकोची होतो. अदलाबदलीने दोन्ही टळतात.

पाचवी गोष्ट, प्रत्येकाची स्वतंत्र वही. गेल्या महिन्यात काय येत नव्हते आणि या महिन्यात काय आले, एवढेच तिच्यात लिहायचे. भावंडाचे नाव त्या वहीत येत नाही.

पालकांसाठी चार शब्द

सुट्टीत मुले घरी येतात. दिव्यातील आपली घरे लहान, शेजार भिंतीला भिंत लागून. पेटी-तबला प्रत्येकाला परवडणारा नाही, हे आम्ही जाणतो. पण रोजची पंधरा मिनिटे पुरतात. मोबाईलवर तानपुऱ्याचा सूर लावता येतो आणि स्टीलचा डबा उपडा ठेवला की ठेका धरता येतो. आपण स्वतः गाऊ शकत नसाल तर काम करता करता ऐकावे. मुलांना ऐकणारे माणूस हवे असते.

स्तुती करताना नेमकी गोष्ट सांगावी. "छान गायलास" यापेक्षा "आज समेवर अचूक आलास" हे मुलाला अधिक काळ पुरते. एकाची स्तुती करताना दुसऱ्याचे नाव घेऊ नये. "ताईसारखं कर" असे म्हणावेसे वाटले, तर क्षणभर थांबावे. पाहुण्यांसमोर एकाच मुलाला गायला सांगू नये. सांगायचेच असेल तर दोघांनाही काही काम द्यावे. आणि मुलाचा आवाज फुटत असेल, तेव्हा घरात कोणीही हसू नये. हा नियम घरातील मोठ्यांनी आधी पाळावा.

एखाद्या भावंडाला संगीताची आवडच नसेल, तर तीही मान्य करावी. एकत्र शिकण्याचा हेतू दोघांना गायक करणे हा नाही. दोघांनी एकमेकांकडे कान देऊन ऐकावे, आणि आपले काय व दुसऱ्याचे काय हे ओळखावे, एवढा तो हेतू आहे. ज्यांना हे लहानपणी जमले, त्यांना पुढे घराची वाटणी करताना किंवा आईवडिलांच्या म्हातारपणाचा भार उचलतानाही ते उपयोगी पडेल, असा आमचा विश्वास आहे.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण आता स्वतः आईवडील झाले आहेत. आपल्याही मुलांची ओळख करून देताना ते जुने वाक्य ओठांवर येईल. त्या वेळी आमच्या संगीतवर्गाच्या मागच्या रांगेत बसून मांडीवर मात्रा मोजणाऱ्या त्या मुलाची आठवण ठेवा. आम्ही त्याच्याकडे उशिरा पाहिले. आपण वेळेवर पाहावे, हीच आमची विनंती आहे.